अण्णांचा कॉम्प्युटर तेरा मिनिटांनी उठायचा

बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन येणारं गिऱ्हाईक शांत असायचं. आता जे व्हायचं ते झालंय, असा चेहरा करून ते बाकड्यावर बसायचं. हळू झालेला कॉम्प्युटर घेऊन येणारं गिऱ्हाईक मात्र चिडलेलं असायचं. जिना उतरतानाच त्याचा आवाज यायचा, "मालक कुठं हायत?"

"मीच हाय मालक. बोला."

"न्हाय, ते दुरुस्त करणारं?"

"ते बी मीच."

शाहूपुरीत जिन्याच्या तळाशी असलेल्या त्या दहा बाय आठच्या दुकानात मी एकवीस वर्षं काढली. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेली, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. सुरुवातीला टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करायचे. नव्वद सालानंतर शहरात कॉम्प्युटर यायला लागले आणि मी तिकडं वळले. लिहिताना मी 'गेले, आले' असं लिहिते, पण बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'गेलो, आलो'च म्हणतो. त्यामुळे पुण्याचा एक होलसेलवाला पहिली चार वर्षं मला फोनवर 'साहेब' म्हणत होता. पुढं एकदा माल घ्यायला मी स्वतः गेले, तेव्हा बिचारा उठून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "साहेब नाही आले?"

हळू चालण्याची कारणं गिऱ्हाईक स्वतःच शोधून आणायचं. गगनबावड्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. ते कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एस.टी.नं घेऊन आले. मी गोधडी सोडायला लागले तर म्हणाले, "हळू. त्याला थंडी बाधलीय. पावसाळ्यात ह्ये सकाळी उठतच न्हाय. दुपारी जरा ऊन पडलं की उठतंय."

मला हसू आलं. खोका उघडला आणि हसू गेलं. आत बुरशी धरली होती. तिकडं चार महिने भिंतींना पाझर फुटतो, तिथं या पत्र्याच्या डब्याची काय कथा? मी मेमरीची पट्टी काढली, तिचे काळे पडलेले दात शाळेतल्या खोडरबरानं घासले आणि परत बसवली. कॉम्प्युटर चालू झाला. मास्तर खोडरबराकडे बघत राहिले. "एवढंच?" म्हणाले. मी त्यांना सांगितलं, पावसाळ्यात कपाटात ठेवा आणि कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावा. पुढची सात वर्षं ते आले नाहीत. या धंद्यात चांगलं काम केलं की गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही, ही एक गंमतच आहे.

पण मास्तरांचं दुखणं वेगळं आणि बाकी सगळ्यांचं वेगळं. बाकीच्यांचं मूळ बहुतेक एकाच जागी असायचं, हार्ड डिस्कमध्ये. हार्ड डिस्क म्हणजे डबीत बंद केलेली एक चकचकीत तबकडी. ती गरगर फिरते आणि तिच्यावरून बारीक सुईसारखा एक हात इकडून तिकडं पळत असतो. तुम्ही बटण दाबलं की कॉम्प्युटरला हजारो लहानसहान फायली गोळा कराव्या लागतात, आणि त्या तबकडीभर पसरलेल्या असतात. सुई एक उचलते, पळते, दुसरी उचलते, परत पळते. मशीन नवं असताना हे मिनिटभरात उरकतं. चार वर्षांनी त्यात दहा प्रोग्रॅम, तीन अँटिव्हायरस आणि भाच्यानं घातलेले खेळ जमा झाले, की तेवढ्यालाच दहा मिनिटं लागतात. मी नको ते काढून टाकायचे, मेमरी वाढवायचे, फारच झालं तर सगळं पुसून नव्यानं भरून द्यायचे. सहा महिने बरं चालायचं, मग पुन्हा तेच. सुईचं पळणं कोण चुकवणार?

हे सगळं सांगायचं कारण बसवंतअण्णा.

माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून अण्णांचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि वर घर. वॉशर, बेअरिंग, पॅकिंग, असला माल. अण्णा निपाणीकडचे, घरात कन्नड आणि दुकानात मराठी. सत्तरी गाठलेले, कपाळावर भस्म आणि आवाज असा की समोरच्या गल्लीतल्या माणसाला फोन करायची गरज पडू नये. दुकानाचा हिशेब त्यांचा मुलगा वहीत ठेवायचा. मग कॉम्प्युटर कशाला होता? तो होता एका यादीसाठी.

बॉम्बे ग्रुप नावाचा एक दुर्मीळ रक्तगट आहे. साध्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण या माणसांना 'ओ'चं रक्त चालत नाही. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त लागतं, आणि तशी माणसं फार थोडी. अण्णांचा गट तोच, पण वयामुळं त्यांचं रक्त आता कुणी घेत नव्हतं. त्यांच्या धाकट्या बहिणीचाही तोच होता. तिला ते 'तंगी' म्हणायचे. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला तसंच म्हणतात. ती पहिल्या बाळंतपणात गेली. अण्णा त्या वेळी माल आणायला परगावी होते आणि दुसरं रक्त कुठं मिळेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर अण्णा हॉस्पिटलं आणि रक्तपेढ्या पालथ्या घालून या गटाची माणसं शोधत राहिले. नाव, गाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं ते डायरीत लिहायचे. कुठूनही फोन आला की अण्णा माणूस गाठून द्यायचे. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. पंपाचे वॉशर विकता विकता हे चाललेलं.

दोन हजार पाचच्या पुरात पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं आणि डायऱ्यांचा लगदा झाला. अण्णांची सून शैला हिनं ती पानं गच्चीवर एकेक करून वाळवली, जेवढी वाचता आली तेवढी वाचली, उरलेली माणसं फोन करकरून पुन्हा शोधली आणि सगळी यादी कॉम्प्युटरमध्ये घातली. त्या कामाला तिचे आठ महिने गेले.

तुम्ही म्हणाल, यादी छापून भिंतीला का लावली नाही? छापली होती की. पण एकदा रक्त दिलेला माणूस तीन महिने पुन्हा देऊ शकत नाही. त्यात त्या काळात लोक मोबाइलचे नंबर सारखे बदलायचे. छापलेला कागद पंधरा दिवसांत शिळा व्हायचा, म्हणून जुने कागद रद्दीत गेले आणि पुढं छापणं थांबलं.

दोन हजार नऊ-दहाचा सुमार असेल. लोडशेडिंग जोरात होतं. शाहूपुरीत दुपारी वीज गेली की चारलाच यायची, आणि अण्णांच्या दुकानातला इन्व्हर्टर तोवर कधीच मान टाकायचा. एका दुपारी मी त्यांच्या पडून राहिलेल्या प्रिंटरची वाळलेली शाई बदलायला गेले होते. वीज नुकतीच आली होती. शैलानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि तेवढ्यात फोन वाजला. गावातल्याच एका हॉस्पिटलमधून नर्स बोलत होती. ऑपरेशन टेबलावर एक बाई होती आणि बॉम्बे ग्रुपची पिशवी हवी होती.

"थांबा, सांगतो," अण्णा म्हणाले.

वीज अचानक गेली होती, म्हणून कॉम्प्युटर उठताना आधी स्वतःची डिस्क तपासत बसला. निळ्या पडद्यावर आकडा दिसत होता. चार टक्के. सहा टक्के. पलीकडून नर्स विचारत होती, "मिळालं का हो?"

"मिळतंय, मिळतंय. जरा दम धरा."

अण्णांना एक नंबर पाठ होता. तो मोबाइलवरून लावला. तो माणूस म्हणाला, "अण्णा, मी सुरतेला आलोय." दुसरा पाठ असलेला नंबर बंद. अण्णा पडद्यासमोर उभे, शैला माझ्याकडं बघतेय, आणि मी, दुरुस्त करणारी, हात बांधून उभी. त्या आकड्याला घाई करायचा काहीच उपाय माझ्याजवळ नव्हता. तेरा मिनिटांनी यादी उघडली. तिसऱ्या फोनला कागलचा एक शिक्षक सापडला आणि शाळेतून तसाच मोटारसायकलवर निघाला. बाई वाचली.

फोन ठेवून अण्णा पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले.

मग म्हणाले, "चौगुलेबाई, आमची तंगी गेली तवा यादीच न्हवती. आता यादी हाय, आन् ती उघडंना. ह्याला काय म्हणायचं?"

त्यांनी खोक्यावर हात ठेवला.

"कायबी करा. ह्ये लवकर उठलं पायजे."

पुण्याच्या त्या होलसेलवाल्याकडं मी थोड्याच दिवसांपूर्वी एक नवी वस्तू पाहिली होती. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, एसएसडी. हार्ड डिस्कच्याच कामाची, पण आत तबकडी नाही, सुई नाही, फिरणारं काहीच नाही. सगळं चिपमध्ये. कुठलीही फाइल मागा, पळापळ न करता ती हजर. त्यानं माझ्यासमोर एक कॉम्प्युटर चालू करून दाखवला होता आणि मला वाटलं, हा आधीपासूनच चालू असणार. मी बंद करून पुन्हा चालू करायला लावला होता. वस्तू महाग होती, कोल्हापुरात तोवर कुणाकडं बसवलेली मी ऐकली नव्हती. फोन करून एक मागवली. एस.टी.च्या पार्सलनं आली.

अण्णांनी ती तळहातावर घेतली, कानाशी धरून हलवली.

"बाई, आत काय हाय का न्हाय? का नुसती डबी धाडली त्यानं?"

"हाय की. हलतंय असं काय नसतंय ह्यात."

"मग चालतंय कसं?"

मी समजावलं. त्यांना पटलं असं दिसलं नाही, पण म्हणाले, "तुम्ही म्हणतासा तर बसवा."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी शैलानं मला विचारलं होतं, "ताई, ह्यातनं मधनंच टकटक आवाज येतोय. काय न्हाय न्हवं?" मी कान लावला होता. आवाज अगदी हलका होता आणि माझ्या दुकानात सहा मशिनं उघडी पडली होती. "चालतंय की," म्हणून मी निघून आले. यादीची एक सीडी मात्र करून दिली होती आणि सांगितलं होतं, ही जपून ठेवा. ती सीडी नीट उघडते का, हे मी तपासलं नव्हतं. कुणीच तपासलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना सकाळी कामाला बसलो. माझ्या दुकानातली मोठी बॅटरीही उचलून आणली होती, मध्येच वीज नको जायला. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या ड्राइव्हवर उतरवायचं, मग जुनी काढायची आणि नवी जोडायची. दोन तासांचं काम. शैलानं पोहे केले होते. अण्णा खुर्ची ओढून शेजारीच बसले.

निम्म्याच्या पुढं काम गेलं आणि टकटक सुरू झालं. या वेळी हलकं नव्हतं. सुई तबकडीवर जागा शोधत होती, मिळत नव्हती, परत मागं जाऊन आपटत होती. पडद्यावरचा आकडा थांबला. मग चूक झाल्याची पाटी आली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"डिस्क जाया लागलीय."

"म्हंजे यादी?"

मी शैलाला म्हटलं, "ती सीडी आण." तिनं देवघराच्या कपाटातून आणली. पिशवीत नीट गुंडाळलेली, वर हळदकुंकू. मी माझ्या लॅपटॉपमध्ये घातली. ती फिरली, थांबली, फिरली. उघडली नाही. काढून उजेडात धरली तर तिच्यावर बुरशीचे ठिपके.

चूक माझी होती, आणि ती एकच नव्हती. सगळी डिस्क उतरवायला घ्यायच्या आधी ती एकटी यादीची फाइल मी बाजूला काढून घ्यायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस पहिल्यांदा तेच करतो. मी नव्या वस्तूच्या कौतुकात होते.

हे मी त्यांना तसंच सांगितलं. "अण्णा, चुकलं माझं. यादी आधी काढून घ्यायला पायजे हुती."

शैलानं सीडी पदरानं पुसून पुन्हा माझ्यापुढं धरली. आठ महिने खपून तिनं ती यादी केली होती. अण्णा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता गल्ली दणाणणार. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "आता काय करायचं त्ये सांगा. चुकलं-बिकलं मागनं बघू."

मी वीज काढली. गरम डिस्क बाहेर काढून फरशीवर ठेवली आणि तासभर तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. गार झाल्यावर अशी डिस्क कधीकधी थोडा वेळ चालते, आणि थोडाच वेळ. तो तास मोठा वाईट गेला. पोहे तसेच राहिले. आम्ही तिघंही अधूनमधून टेलिफोनकडं बघत होतो. आता जर कुठून फोन आला, तर अण्णांच्या पाठ असलेल्या दोन नंबरांपलीकडं आमच्याजवळ काहीच नव्हतं.

आणि फोन वाजला.

अण्णांनी उचलला. पलीकडचं ऐकलं आणि जोरात ओरडले, "आज दुकान बंद हाय! वॉशर उद्या!" फोन ठेवून म्हणाले, "अय्यो देवा." शैलाला हसू फुटलं आणि मग रडूही.

तासानं मी डिस्क उलटी धरून, पोटाची बाजू वर करून जोडली. असं केल्यानं सुईचा तोल जरा बदलतो आणि काही वेळा अडलेलं वाचता येतं. काही वेळाच. आता मी बाकी कशालाच हात लावला नाही. माझ्याजवळ कॉम्प्युटर चालू करायची एक वेगळी सीडी असायची, तिच्यावरून तो चालू केला आणि थेट ती एक फाइल शोधली. नाव दिसलं. ती उचलून लॅपटॉपवर टाकायला सांगितली. डिस्कनं एकदा टक केलं. दोनदा केलं. मग पडद्यावरची हिरवी पट्टी पुढं सरकत शेवटाला पोचली.

उघडली. पहिलं नाव, दुसरं नाव, मी खाली खाली जात राहिले. शैला मागून वाचत होती. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "व्हय. ह्योच शेवटचा. परवाच लिवला मी."

मी लगेच ती आणखी दोन ठिकाणी उतरवली आणि तिन्ही ठिकाणी उघडून बघितली. अण्णा उठले, तोंडावर पाणी मारून आले आणि म्हणाले, "शैला, पोहे गरम कर. बाईंनी कायबी खाल्लं न्हाय." चूक मागनं बघू म्हणाले होते, ती त्यांनी कधीच बघितली नाही.

जुन्या डिस्कवरचं बाकी काही मी वाचवायचा प्रयत्न केला नाही. नव्या ड्राइव्हवर सगळं नव्यानं भरलं, यादी ठेवली, भाच्याचे खेळ ठेवले नाहीत. संध्याकाळच्या दिवाबत्तीच्या सुमाराला बटण दाबलं. शैलानं मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. अठ्ठावीस सेकंद.

"पुन्हा करा," अण्णा म्हणाले.

पुन्हा केलं. सत्तावीस.

"अजून एकदा."

असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी अण्णांनी खोक्याला कान लावला. "जुना करकर तरी करायचा, कळायचं काम करतोय. ह्यो गपचिप करतोय सगळं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लई दिवसांनी आज झोप लागंल."

त्या रात्री मलाही लागली.

त्यानंतर दीडेक महिन्यानं शैलाचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, आत्ता चारला लाइट आली, आन् वीज येतीय तोवर फोन आला. बाळंतीण हाय म्हणाले. बोलत बोलत बटण दाबलं, आन् त्यास्नी गाव-नाव विचारीपर्यंत यादी म्होरं! वाडीचा फुलवाला मिळाला. दुकान शेजाऱ्याच्या गळ्यात टाकून निघालाय बगा." नृसिंहवाडीहून तो तासाभरात हॉस्पिटलात पोचला. पोरगी वाचली, बाळही.

आता, वाचवलं ते फुलवाल्यानं, डॉक्टरांनी, आणि इतकी वर्षं ती माणसं जपणाऱ्या अण्णांनी. मी त्या सगळ्यांतली बारा-साडेबारा मिनिटं कमी केली. त्या मिनिटांनी फरक पडला की नाही, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण त्यानंतर मी कुणाच्याही मशिनला हात लावायच्या आधी पहिला प्रश्न विचारायला लागले, "ह्यातलं काय गेलं तर तुमचं चालणार न्हाय?" आणि ते बाजूला काढल्याशिवाय, उघडून बघितल्याशिवाय स्क्रू सोडला नाही. टकटक आवाजाला 'चालतंय की' हे शब्द मी परत कधी वापरले नाहीत.

आठवड्यानं माझ्या दुकानाच्या जिन्यावरून एक पन्नाशीचे गृहस्थ खाली आले. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांनी 'मालक कुठं हायत' असं काही विचारलं नाही.

"चौगुलेबाई तुम्हीच न्हवं? अण्णांनी धाडलंय. ती बाळंतीण माझी लेक."

मी त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. लेक घरी आली का विचारलं. उद्या सोडणार म्हणाले. मग दुकानातल्या उघड्या खोक्यांकडं, वायरींकडं बघत त्यांनी विचारलं, "अण्णा म्हणालं, ह्यात तुमचाबी हात हाय. तुम्ही काय केलासा?"

मी तबकडी, सुई, चिप असं सगळं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय न्हाय हो. अण्णांचा कॉम्प्युटर चालू व्हायला लई वेळ लावायचा. तो लवकर चालू हुईल असा केला."

त्यांनी जरा विचार केला. पिशवी उचलली, उभे राहिले आणि मला हात जोडले.

"लवकर केलासा," ते म्हणाले. "लई बरं झालं बगा."

आणि एस.टी. गाठायची म्हणून जिना चढून गेले.